घरच्यांची यादी

१

ही गोष्ट खरी आहे. माझ्या दुकानाची शपथ घेऊन सांगतो. बडोद्यात लहरीपुऱ्यात, भांडीवाल्याला खेटून माझं आठ बाय दहाचं दुकान आहे, आणि त्याची शपथ मी उगाच घेत नाही. एकदाच घेतली होती, विश्वामित्री नदीतल्या मगरीच्या गोष्टीसाठी. ती मगर नंतर घोरपड निघाली. पण निघाली तरी होती ना काहीतरी.

तर त्या घरी मी तीन वेळा गेलो. म्हणजे दोनदा. तीनदा असं मी काही जणांना सांगितलंय, ते सोडून द्या. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घातलं असेल तर वाचणाऱ्याची सोय म्हणून.

माझं काम घरोघरी राऊटर बसवायचं. वायर कोणत्याही कंपनीची असो, डबा मी बसवतो आणि कडी मी लावतो. कडी म्हणजे यादी. राऊटरच्या आत एक पान असतं, मालकाचं पान. त्यात ज्या फोनचं, ज्या लॅपटॉपचं नाव असेल त्यालाच घरचं नेट, बाकीचे बाहेर. कंपनी तिथं आकड्या-अक्षरांची लांबलचक रांग दाखवते. ती वाचून कुणाला काही कळत नाही, म्हणून मी प्रत्येक ओळीपुढे मराठीत नाव लिहितो. ‘काकूंचा फोन’, ‘हॉलचा टीव्ही’. इथल्या आपल्या मराठी मंडळींची एकशे बत्तीस घरं मी अशी लिहून ठेवली आहेत. रेल्वेवाले, रिफायनरीवाले, मास्तर, सगळे.

दोन गोष्टी मात्र करू नयेत त्या मी करतो. सगळ्या घरांच्या मालकाच्या पानाला पासवर्ड एकच, आणि ते पान बाहेरूनही उघडं ठेवलेलं, म्हणजे दुकानात बसल्या बसल्या दुरुस्ती होते. दर तक्रारीला निजामपुऱ्यापर्यंत स्कूटर कोण दामटणार? ही एक. दुसरी अशी, की दिवाळीनंतर राऊटरच्या कंपनीनं कळवलं होतं, या मॉडेलमध्ये फट सापडली आहे, पासवर्ड न देताही मालकाच्या पानावर शिरता येतं, तेव्हा नवं सॉफ्टवेअर ताबडतोब चढवा. ते चढवलं की लिहिलेली नावं पुसली जातात. एकशे बत्तीस घरांची नावं! म्हटलं, उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन जाऊ दे, मग बघू.

निजामपुऱ्यात मुकुंदकाकांचं टेनामेंट आहे, म्हणजे फाटकाचं बैठं घर. काका रिफायनरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी सुनेत्राकाकू. मुलगा निहार घरूनच कंपनीचं काम करतो. सून यशश्री आतल्या खोलीतून मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. लग्नाला तीन वर्षं झालेली. घरात पाहुण्यांसाठी वेगळं नेट देता येतं, त्यालाही पासवर्ड घालायचा असतो. काकांनी घालू दिला नव्हता.

“आनंदा, आमच्याकडे आलेल्याला आधी पाणी देतात,” ते म्हणाले होते. “कोण, कुठले, हे मागाहून.”

मी तसंच मोकळं ठेवलं. गिऱ्हाईक म्हणेल तसं.

२

उत्तरायण झालं, त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकराला यशश्रीचा फोन आला.

“आनंदकाका, माझाच फोन नेटवरून पडतोय. बाकी सगळ्यांचं झकास चाललंय. काल आठवीची बॅच अर्ध्यात गेली माझी.”

“सासूबाईंनी काढलं असेल तुला.”

“आईंना टीव्हीचा रिमोट सापडत नाही, काका.”

“मग नवऱ्यानं.”

“त्याला तर मीच सापडत नाही. दिवसभर हेडफोन!” आणि हसली. तिचं हसणं मोकळं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

मी दुकानातूनच तिच्या घरचं पान उघडलं. तिथं सहा नावं असायला हवी होती. काकांचा फोन, काकूंचा फोन, निहारचा फोन, निहारचा लॅपटॉप, यशश्रीचा फोन, हॉलचा टीव्ही. सहाही होती. त्यातलं यशश्रीचं कुणीतरी ‘बंद’च्या रकान्यात टाकलं होतं. आणि खाली सातवं नाव होतं. ‘पाहुणा’.

हे मी लिहिलेलं नव्हतं. निदान लिहिल्याचं आठवत नव्हतं, आणि माझ्या बाबतीत या दोन गोष्टींत बरंच अंतर असू शकतं, हे कबूल. पण मी उपकरणाचं नाव लिहितो. फोन, टॅब, टीव्ही असं काहीतरी. इथं नुसतंच ‘पाहुणा’. कशाचा, ते नाही.

जोडलेली वस्तू राऊटरपासून साधारण किती लांब आहे याचा अंदाज त्या पानावर येतो. शेजारच्या घरातली असेल तर काटा अर्ध्यावर असतो, रस्त्यावरची असेल तर तळाशी. याचा काटा टोकाला होता. राऊटरला डोकं टेकवून बसल्यासारखा. नऊ दिवसांपासून जोडलेला. त्या नऊ दिवसांत त्यानं नेटवरून घेतलं शून्य. पाठवलं शून्य. फुकटचं नेट मिळालेला मनुष्य नऊ दिवस नुसता बसून राहतो, असं माझ्या वीस वर्षांत झालेलं नाही.

फट माहीत असलेलं कुणीतरी कार्टं असेल, मी मनाशी म्हटलं. शेजारचं. कंटाळलेलं. मी यशश्रीचं नाव परत जागेवर आणलं आणि ‘पाहुणा’ पुसलं. पान पुन्हा उघडलं तेव्हा तो होता. काटा टोकाला.

३

त्याच दिवशी चारच्या सुमारास गेलो.

“या आनंदराव, बेसो ने!” सुनेत्राकाकू म्हणाल्या. चाळीस वर्षं बडोद्यात काढल्यावर गुजराती ‘ने’ लागतोच.

राऊटर हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूच्या फळीवर होता. फळीखाली वेताची खुर्ची. मी सवयीनं तिकडे वळलो तर काकूंनी चटकन सोफ्याकडे हात केला. “इकडे बसा. तिकडे नको.” का नको, ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. खुर्ची मोडकी असेल. मोडकी दिसत नव्हती.

मुकुंदकाका पेपर वाचत होते. निहार हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आला. “काका, तुमची मगर कशी आहे?” त्यानं विचारलं. त्याच्या लहानपणी त्याला ती गोष्ट मीच सांगितली होती.

“घोरपड,” मी म्हटलं. “बरी आहे.”

चहा आला. मला मोजायची खोड आहे. काका, काकू, निहार, यशश्री आणि मी, असे आम्ही पाच. ट्रेमध्ये सहा कप. सहावा काकूंनी वेताच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला, दांडी खुर्चीकडे करून.

“अजून कुणी यायचंय?”

“नाही हो. हात चुकला.” पण कप परत उचलला नाही. त्याच्यावर हळूहळू साय धरली, ती मी निघेपर्यंत बघत होतो.

मी पासवर्ड बदलला. पाहुण्यांचं मोकळं नेट बंद करायला लागलो तेव्हा मुकुंदकाकांनी पेपर खाली केला.

“आलेल्याला कुलूप दाखवायचं होय रे आता?”

“काका, कुणीतरी शिरलंय तुमच्या नेटमध्ये.”

“शिरलंय काय? आलंय म्हण.”

सगळे हसले. मीही हसलो आणि बटण दाबलं. यादीतून ‘पाहुणा’ गेला. त्याच वेळी वेताची खुर्ची करकरली. अंगाचा भार दिला की करकरते तशी नव्हे. बसलेला माणूस उठल्यावर वेत वर येतो ना, तशी. थंडीत वेत आक्रसतो, हे मला माहीत आहे. मी तेव्हाच मनाशी ते म्हणूनही घेतलं.

यशश्री आतल्या दाराकडे बघत होती. नजर हळूहळू सरकत गेली, चालणाऱ्या माणसाबरोबर जाते तशी.

“काय गं?”

“काही नाही. वाटलं, आई आत गेल्या.”

आई माझ्यासमोर बसून चहात बिस्कीट बुडवत होत्या.

नवं सॉफ्टवेअर त्या दिवशीच चढवायला हवं होतं, आणि बाहेरून यायची माझी वाट बुजवायला हवी होती. पण नावं पुन्हा लिहा, सगळ्यांचे फोन गोळा करा... म्हटलं, आता गेलाय ना? मग झालं. सात मिनिटांचं काम होतं ते.

४

गुरुवारी दुपारी सहज पान उघडलं. ‘पाहुणा’ नव्हता. सातव्या ओळीवर वेगळं नाव होतं. ‘घरचे’.

काटा आता टोकाला नव्हता. मधे मधे हलत होता. खोल्याखोल्यांतून फिरत असल्यासारखा.

मी बंद केलेलं पाहुण्यांचं नेट पुन्हा सुरू झालं होतं, आणि त्यात एकच नाव होतं. यशश्रीचा फोन.

असे बदल कुणी केले याची नोंद राहते. बदल मालकाच्या पासवर्डनं झाला होता. दोन दिवसांपूर्वीचा नवा पासवर्ड, जो मी कुणालाही सांगितलेला नव्हता. वेळ एक वाजून दहा मिनिटं. ठिकाण, माझं दुकान. एक वाजून दहा मिनिटांनी मी शटर ओढून कोपऱ्यावर सेव-उसळ खात होतो. चार माणसं साक्षीला आहेत.

मी यशश्रीला फोन लावला.

“नेट चाललंय, काका.” आवाज अगदी हळू. मग म्हणाली, “एक विचारू? हसू नका. बाबा मला काल ‘तुम्ही’ म्हणाले.”

“कोण, मुकुंदकाका?”

“तीन वर्षं ‘अगं यशू, चष्मा कुठाय’ करणारा माणूस. काल म्हणाले, ‘तुम्ही कशाला उठता? बसा निवांत.’”

“रागावले असतील.”

“रागावले असते तर कळलं असतं. प्रेमानं म्हणाले. आईंनी मला नवा टॉवेल काढून दिला, कपाटातला, घडी न मोडलेला. चहा चांगल्या कपातून. ओटा पुसायला गेले तर माझा हात धरला. म्हणाल्या, ‘राहू द्या हो, चार दिवस आलात तर आराम करा.’”

“आणि निहार?”

तिनं खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

“निहार काल हॉलमध्ये झोपला. सकाळी मला विचारलं, ‘झोप लागली ना? नवीन जागा म्हटल्यावर लागत नाही कधी कधी.’”

थट्टा करत असतील, असं मी म्हणालो. मी स्वतः आयुष्यभर लोकांची थट्टा केलेली आहे. ती कुठं संपते, ते मला ऐकू येतं. इथं थट्टेचा आवाजच नव्हता.

“काका, माझे स्वतःचे आई-बाबा गेल्यावर माझं माहेर राहिलेलं नाही. जे आहे ते हे घर. तुम्हाला वेडेपणा वाटेल, पण माझं नाव परत घरच्यांत लिहा. मी बघितलंय तुम्हाला ती यादी लिहिताना. लिहा ना.”

मी लिहिलं. तिचं नाव, घरच्यांच्या रकान्यात, माझ्या हातानं. पानावर लाल ओळ आली. हा बदल करण्याची आपल्याला परवानगी नाही.

माझ्या पानावर. मला.

आता एकच मार्ग होता. राऊटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दहा आकडे होईस्तोवर दाबून धरलं की डबा कोरा होतो. यादी जाते, पासवर्ड जातो, सगळ्यांचे सगळे हक्क जातात. पण ते दुकानातून होत नाही. त्यासाठी घरात जावं लागतं.

५

पाचला पोचलो. ऊन अजून होतं. फाटकासमोरच्या तारेवर तुटलेला मांजा लोंबत होता.

यशश्री फाटकाबाहेर उभी होती. पायात चपला, शेजारी बॅग. कपाळावर ओलं कुंकू. ओढणीच्या पदरात नारळ, तांदूळ आणि ब्लाउजपीस.

“आईंनी ओटी भरली,” ती म्हणाली. “पुन्हा या म्हणाल्या. फाटकापर्यंत सोडायला आल्या, काका. निहारनं बॅग उचलून आणली. मी म्हटलं, अरे, मी कुठं जाणार आहे? तर सगळे हसले. बाबा म्हणाले, ‘असंच होतं, पाय निघत नाही.’”

“बेल वाजवलीस?”

“दोनदा. निहारनं दार उघडलं. ‘काही विसरलं का?’ म्हणाला. इतक्या चांगुलपणानं, की मला पुढे बोलताच येईना.”

“इथंच थांब,” मी म्हटलं.

निहारनं मला आत घेतलं. हॉल नीटनेटका होता. वेताच्या खुर्चीत आता मुकुंदकाका बसले होते, पेपर घेऊन, अगदी नेहमीसारखे. ती आता कुणासाठी राखून ठेवायची गरज उरली नव्हती बहुतेक. स्वयंपाकघरातून तुरीच्या शेंगा सोलल्याचा आवाज येत होता. टच, टच, टच. फार जलद, आणि एका लयीत.

“अगं, सालं इकडे टाक,” काकूंचा आवाज आला. “गायीला होतील.”

अगं.

दाराचा पडदा वीतभर सरकलेला होता. त्यातून मला पाटाची कड दिसली, एक कोपर दिसलं, आणि दोन हिरव्या बांगड्या. हात ताटातली शेंग उचलायचा, आवाज व्हायचा, हात शेंग दुसरीकडे ठेवायचा. दुसरीकडच्या ढिगातल्या शेंगा अख्ख्या होत्या. एकही फुटलेली नव्हती. त्यांतलीच एक उचलून काकूंनी दाणे काढल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, “छान कोवळे आहेत हो.”

मी राऊटर फळीवरून उचलला. हात थरथरत होता असं लिहायची पद्धत आहे, पण तो स्थिर होता. कारागिराचा हात आहे तो. खिशातून टाचणी काढली, भोकात घातली, दाबली. एक. दोन. तीन. दहा म्हटल्यावर सगळे दिवे गेले. टच टच थांबलं. मुकुंदकाकांनी मान वर केली आणि झोपेतून उठलेल्या माणसासारखं माझ्याकडे पाहिलं.

मग मी नवं सॉफ्टवेअर चढवलं. बाहेरून यायची वाट बुजवली. नवा पासवर्ड घातला. पहिलं नाव यशश्रीचं लिहिलं, बाकीची मागाहून. दार उघडून तिला हाक मारली. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, तिच्या हातातल्या नारळाकडे बघून म्हणाल्या, “अगं, नारळ घेऊन कुठं हिंडतेस? चल, शेंगा सोलायच्यात.” यशश्री रडायला लागली आणि कुणालाच कळेना, का.

६

इथपर्यंत मी ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. ऐकणारे इथं हुश्श करतात, मग चहा मागवतात.

टाचणी भोकात घातली, इथपर्यंत खरं आहे.

दाबणारच होतो. तेवढ्यात आतून आवाज आला. “आनंदकाका, तुम्हाला साखर कमी ना?”

यशश्रीचा आवाज होता. हॉलच्या खिडकीतून मला यशश्रीची पाठ दिसत होती, फाटकापलीकडे, उन्हात.

“हो,” मी म्हटलं. “कमीच.” का म्हटलं, ते सांगता येत नाही. घरातल्यांनी विचारलं की माणूस उत्तर देतो.

चहा आला. मी कपाकडे बघितलं. कप धरणाऱ्या हाताकडे बघितलं नाही, आणि हातापासून वर तर नाहीच. निहारनं विचारलं, “काका, काही काम काढलं होतंत का?” मी राऊटर फळीवर परत ठेवला. “छे,” मी म्हटलं, “इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं.” चहा प्यायलो. चांगला झालाय म्हणालो. चांगला झालाच होता. टाचणी खिशात टाकली आणि निघालो.

फाटकाशी तिनं विचारलं, “झालं, काका?”

“झालं,” मी म्हटलं. “सुरू व्हायला जरा वेळ घेतं ते. सुरू झालं की बेल वाजव.”

तिनं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि पायरीवर बसली.

म्हणजे दहा आकडे मोजले, नावं लिहिली, दार उघडलं, काकू तिला ‘अगं’ म्हणाल्या, हा भाग माझ्या पदरचा. मी स्कूटर चालू करत असताना ती “थँक्यू, काका” म्हणाली, ते खरं आहे.